मुकी फेरी

आमच्याकडे विमान हवेत सोडण्याआधी दोन फेऱ्या व्हायच्या, एक मुकी आणि एक बोलती. ही नावं माझ्या थोरल्या भावाने ठेवलेली. या तपासणीला पुस्तकात काय म्हणतात ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण घरच्या कुत्र्याला कुणी जातीच्या नावाने हाक मारत नाही. भावाला मी अण्णा म्हणतो आणि तो मला तम्मा. बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांत असंच चालतं, भाषा आपली आणि हाका शेजाऱ्यांकडून आणलेल्या.

विमान म्हणजे अगदी खेळणंही नव्हे आणि खरंही नव्हे. पाच फुटांचे पंख, हलक्या लाकडाचं अंग, पुढे मुठीएवढं इंजिन आणि पोटात काड्यापेटीहून थोडा मोठा रिसीव्हर. जमिनीवरून रेडिओने हुकूम सोडायचे, रिसीव्हरने ते ऐकायचे आणि शेपटी, पंख, इंजिन हलवायचं. अण्णाने ते राजाजीनगरच्या घरी मागच्या खोलीत स्वतः बांधलं होतं. वहिनी त्याला सवत म्हणायची आणि त्याच्यावरची धूळही तीच पुसायची.

फेरी अशी असे. अण्णा जमिनीवर बसून विमान मागून घट्ट धरायचा. मी ट्रान्समीटर हातात घेऊन, त्याची आँटेना मुद्दाम मिटलेली ठेवून, पावलं मोजत लांब जायचो आणि चालता चालता त्याच्यावरची दांडी एकसारखी वरखाली करत राहायचो. शेपटी त्याच तालात वरखाली होतेय तोवर अण्णाचे दोन्ही हात विमानावर. शेपटीने मध्येच आपल्या मनाने झटका मारला की त्याचा उजवा हात वर जायचा. हात वर म्हणजे थांब, इथे लहर तुटली. तो पावलांचा आकडा मी लक्षात ठेवायचा. इंजिन बंद ठेवून केली ती मुकी फेरी, इंजिन सुरू करून केली ती बोलती. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर विमान ठीक. बोलतीचा आकडा फार खाली आला तर समजायचं की त्रास बाहेरून येत नाही, विमानाच्याच पोटातून उठतोय.

उडवायचं काम अण्णाचं, तपासायचं माझं. मी उडवायला कधीच शिकलो नाही. चाकं जमिनीवरून सुटली की मी दुसरीकडे बघतो. पण तपासणीत माझा हात धरणारा कुणी नव्हता, निदान मला तसं वाटायचं. एका कारखान्याच्या टेस्टिंग सेक्शनमध्ये माझी नोकरी झाली. माझ्या टेबलावर आलेला नग एक तर पास व्हायचा नाही तर नापास, मधलं काही नव्हतं. हा स्वभाव मी घरीही आणला. बायको म्हणते की ताटात भाजी वाढतानासुद्धा शिक्का बसेल की काय अशी धास्ती वाटते.

दर रविवारी सकाळी आम्ही आनेकलच्या पुढे एका कोरड्या पडलेल्या केरेवर जायचो. तळ्याला आम्ही मराठीतही केरेच म्हणतो. पूर्वी तिथे सात-आठ जण यायचे. मग नवे रेडिओ आले, त्यांना ना लांब आँटेना लागे ना लहरींची भांडणं होत. माणसं नव्या सेटकडे आणि नव्या मैदानाकडे गेली. अण्णा मात्र जुन्या सेटला चिकटून राहिला. "आता या लहरीवर आपण दोघंच तम्मा," तो म्हणायचा, "पूर्ण रस्ता रिकामा."

मी मारतहळ्ळीला राहतो. तिथून राजाजीनगर म्हणजे गावाचं दुसरं टोक, आणि तिथून आनेकल तिसरं. रविवारची सकाळ म्हणून रस्ते मोकळे असतील असं ज्याला वाटतं त्याने एकदा माझ्या शेजारी बसून यावं. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष मी हौसेने गेलो. पुढे शनिवारी संध्याकाळपासूनच माझा पारा चढायला लागला. अण्णाला मी हे कधी बोललो नाही. तो दारात विमान घेऊन तयार उभा असायचा, पंख पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेले, आणि म्हणायचा, "लेट केलास अल्वा, केलास ना?" मी म्हणायचो, "ट्रॅफिक." एवढंच आमचं भांडण.

त्या उन्हाळ्यात विमानाला उचक्या लागायला लागल्या. उचकी हा आमचा घरचा शब्द. विमान सरळ जात असताना मध्येच नाक खाली घालायचं किंवा एका कुशीवर कलायचं आणि क्षणात पुन्हा सरळ व्हायचं. पहिल्या वेळी अण्णा हसला. "कोणीतरी आठवण काढली बघ त्याची." दुसऱ्या रविवारी तीन उचक्या लागल्या तेव्हा तो हसला नाही.

मी कामाला लागलो. पहिला संशय सगळ्यांचा लाडका, मोबाइलच्या टॉवरवर. आम्ही केरेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उडवलं, उचकी तिथेही आली. मग विजेच्या तारांवर संशय, मग जवळच्या एका कारखान्यावर. रविवारी कारखाना बंद असतो हे मला तिसऱ्या आठवड्यात सुचलं. मग विमान उघडलं. रिसीव्हरची आँटेना बॅटरीच्या वायरपासून दूर घेतली. बॅटरी बदलली, स्विच बदलला, लहर ठरवणाऱ्या क्रिस्टलची जपून ठेवलेली दुसरी जोडी घातली. रिसीव्हरला नव्या स्पंजमध्ये गुंडाळलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पाहायचं, ही माझी पद्धत. दर वेळी पाहिलं, दर वेळी बोलतीचा आकडा मुकीहून चार-पाच पावलंच कमी, आणि हवेत उचकी तिथेच. उचक्या सुरू होण्याच्या आधीच्या रविवारी इंजिनाजवळची एक कडी तुटली होती, ती मी मैदानावरच बदलली होती. इतकं किरकोळ काम माझ्या यादीत कुठे नव्हतं.

याच सुमाराला मला अण्णाचे हात दिसायला लागले. म्हणजे ते आधीही दिसत होतेच, पण आता मी पाहायला लागलो. थर्मासमधून कॉफी ओतताना झाकणाच्या कडेला टकटक आवाज व्हायचा. डॉक्टरने पाहून सांगितलं होतं की वयामुळे थोडी थरथर आहे, घाबरायचं कारण नाही. डॉक्टर एवढ्यावर थांबला होता. माझ्या डोक्यात मात्र हिशेब जुळायला लागला: विमानात काही सापडत नाही, लहरीवर दुसरा कुणी नाही, मग दांडीवरचा अंगठाच थरथरत असणार. रिसीव्हर बिचारा सांगितलं तेवढंच करतोय. अण्णालाही तेच वाटत असावं. ट्रान्समीटर गळ्यात अडकवताना तो अंगठ्यांकडे एकेकदा टक लावून बघायचा.

मग ती सकाळ आली. विमान बांधावरून परत वळत असताना एका कुशीवर पडलं आणि खाली आलं. बांधावरून एक बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन चालली होती. विमान तिच्या भाऱ्यावरून हातभर उंचीने गेलं. तिला इंजिनाचा आवाज उशिरा कळला, ती खाली बसली, भारा घरंगळला. अण्णाने विमान कसंबसं उचललं आणि उतरवलं. आम्ही पळत गेलो. बाईने आम्हाला कन्नडमधून जे सुनावलं त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. अण्णा हात जोडून उभा होता आणि ते जोडलेले हात हलत होते.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "तम्मा, पुढच्या रविवारी नीट तपास. दोष विमानात असला तर काढ. माझ्यात असला तर सांग, मी ठेवून देतो. कोणाच्या डोक्यावर पाडायचं नाही आपल्याला." मी म्हणालो, "तपासतो." त्याने सगळं माझ्यावर सोपवलं होतं. त्याच्याकडे दुसरं काय होतं? दोन्ही मुली परदेशी, जुने सोबती पांगलेले. आठवड्याचे सहा दिवस तो त्या रविवारच्या तयारीत काढायचा.

पुढच्या रविवारी ऊन लवकर चढलं. मला वाटेतच दोन तास गेले होते आणि दुपारी एका साखरपुड्याला परत मारतहळ्ळीला पोचायचं होतं. अण्णा विमान धरून बसला. मी मुकी फेरी केली. दहा पावलं, वीस, चाळीस, साठ. पासष्टाव्या पावलावर त्याचा हात वर गेला. नेहमीचाच आकडा होता. तरी मी तीन वेळा केली, तिन्ही वेळा पासष्टच्या आसपास. परत आलो तेव्हा अण्णाने इंजिनाला इंधन भरून ठेवलं होतं आणि तो माझ्याकडे बघत होता.

बोलती फेरी मी केली नाही. आजवर ती आम्ही एकदाही चुकवली नव्हती. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं, त्याचे हात पाहिले, आणि माझा निकाल आधीच लागलेला आहे हे माझ्या लक्षात आलं. म्हटलं, आता कशाला? रुमालाने मान पुसली आणि म्हणालो, "विमान पास आहे, अण्णा."

त्याने भरलेल्या टाकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सरी," म्हणजे ठीक.

त्याने टाकीतलं इंधन बाटलीत परत काढलं. पंखांचे रबर सोडले. कापडाने विमान पुसलं, नाकापासून शेपटीपर्यंत, पोटाखालचं तेलसुद्धा. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "बेडा, नको. मी करतो." साखरपुड्याला मी वेळेवर पोचलो. जेवण चांगलं होतं.

त्यानंतर विमान मागच्या खोलीत खुंटीला टांगलं गेलं. एवढ्यावर राहिलं असतं तर मी आज हे लिहीत बसलो नसतो. पण माझा शिक्का अण्णाने विमानापुरता ठेवला नाही. महिन्याभरात त्याने स्कूटर विकायला काढली. दाढीला घरी न्हावी यायला लागला. देवापुढचं निरांजन वहिनी लावायला लागली, आणि त्याच्या पेल्यात कॉफी अर्धीच यायला लागली, सांडू नये म्हणून. जो माणूस बारीक फटीत सुईच्या टोकाने गोंद भरायचा तो आता शर्टाचं वरचं बटण वहिनीकडून लावून घ्यायचा. बोलतानाही तो "माझा हात" म्हणत नसे, "तो हात" म्हणायचा. मी सणावाराला जायचो, बसायचो, क्रिकेटवर बोलायचो. रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपायला मिळतं याचा मला आनंद होत होता, हेही लिहून टाकतो.

दोन वर्षांनी वहिनीचा फोन आला. मागची खोली रंगवायची होती. "ते तेवढं घेऊन जा भावजी, त्यांच्यासमोर नको राहू दे आता." मी विमान मारतहळ्ळीला आणलं. इंजिन वेगळं काढून तेल घालून ठेवावं म्हणून नाकावरचं झाकण उघडलं आणि चष्मा लावून आत पाहिलं.

इंजिनाचा वेग कमीजास्त करायला एक तार असते. ती जिथे इंजिनाच्या धातूच्या दांडीत अडकते तिथे प्लास्टिकची छोटी कडी लावतात. प्लास्टिकचीच लागते. धातूवर धातू कंपाने घासत राहिला की त्यातून गोंगाट उठतो आणि रिसीव्हरला खरा हुकूम कोणता ते कळेनासं होतं. आमच्या कामातला हा पहिला धडा, आणि मला तो अण्णानेच दिलेला. तिथे आता पोलादाची कडी होती. मीच लावलेली. त्या रविवारी प्लास्टिकची तुटली, डब्यात दुसरी मिळाली नाही, मी पोलादाची लावली आणि मनाशी म्हटलं, तात्पुरती आहे, पुढच्या आठवड्यात बदलू. अण्णाला नुसतं "कडी बदलली" म्हणालो आणि झाकण लावून टाकलं.

तरी खात्री हवी होती. सवय जात नाही. बॅटऱ्या दिवसभर चार्ज केल्या, लहर क्षीण व्हावी म्हणून ट्रान्समीटर खाली तळघरात गाडीवर ठेवून आलो, आणि सहाव्या मजल्यावर जेवणाच्या टेबलावर ती कडी बोटाने हलवली. शेपटीने झटका मारला. पुन्हा हलवली, पुन्हा झटका. मग प्लास्टिकची कडी लावून हलवत राहिलो, चांगली पंधरा मिनिटं. शेपटी गप्प. इंजिन बंद असताना ती कडी हलतच नव्हती, म्हणून मुकी फेरी दर वेळी पास होत होती. कडी नवी घट्ट होती तोवर बोलतीतही फरक थोडाच पडला; त्या शेवटच्या रविवारपर्यंत ती घासून सैल झाली होती, बोलती फेरी केली असती तर दहाव्या पावलावर अण्णाचा हात वर गेला असता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण तेवढ्याने माझी सुटका नव्हती. मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती. बायको आत आली आणि काय झालं विचारलं. मला रडू आलं. सांगायला पाऊण तास लागला. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन त्यांना सांगा."

ती पोलादाची कडी खिशात घालून मी राजाजीनगरला गेलो. अण्णा पुढच्या खोलीत खुर्चीत बसला होता, मांडीवर घडी घातलेला टॉवेल. वहिनीने कॉफी आणली, माझा पेला भरून आणि त्याचा अर्धा. मी सगळं सांगितलं, काही न गाळता, आणि कडी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने ती डोळ्यांजवळ नेली. आता ते हात खरंच वाईट झाले होते. दोन वर्षांत त्यांनी पेल्याहून जड काही धरलं नव्हतं.

"घासून चकचकीत झालीय," तो म्हणाला.

"चूक माझी आहे अण्णा. तुझ्या हातात काही दोष नव्हता. बोलती फेरी केली असती तर त्याच दिवशी कळलं असतं."

"ते मला ठाऊक होतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काय ठाऊक होतं?"

"बोलती नाही केली ते. मी इंधन भरून बसलो होतो नाही का."

"मग बोलला का नाहीस? नुसतं म्हणायचंस, तम्मा, दुसरी राहिली. मी केली असती."

त्याने कडी टॉवेलवर ठेवली. घाई नव्हती त्याला. "मला वाटलं, तू विसरणारा नाहीस. चुकूनसुद्धा नाही. म्हणजे मुद्दाम सोडली असणार." त्याने टॉवेलची घडी सरळ केली. "मारतहळ्ळीहून इतक्या लांब यायचं, दर आठवड्याला. तुला आता पुरे झालं असेल. तोंडावर म्हणवत नसेल, म्हणून विमान पास केलंस. म्हटलं, सरी, त्याला मोकळं करू."

"पण हात? स्कूटर, दाढी, हे सगळं?"

"एकदा खोटं खरं धरलं की पूर्ण धरावं लागतं रे. नाही तर तुला कळलं असतं ना."

वहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. तसं काही नव्हतं अण्णा, मला कधीच कंटाळा आला नव्हता, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. अण्णा माझ्याकडे बघत होता. मैदानावर बसून शेपटीकडे बघायचा तसाच, पापणी न हलवता. मी म्हणालो, "नाही अण्णा, तसं," आणि पुढचा शब्द येईना.

त्याने मांडीवरचा उजवा हात उचलला आणि वर धरला. हात खूप थरथरत होता. मी थांबलो.